धबधबा काढला, नाव ठेवलं

“आई, धबधबा काढला गं.”

२०१४ सालची गोष्ट. कामाच्या दिवशी, भर दुपारी सिएटलहून लेकीचा फोन आणि फोनवर एवढं एकच वाक्य. कोणता धबधबा, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात धबधबा म्हटलं की एकच. फ्लोरिडात ऑर्लँडोजवळच्या डिस्नी वर्ल्डमधलं पॉलिनेशियन हॉटेल, त्याच्या उंच लॉबीतला. मधोमध रचलेले काळे खडक, खडकांच्या फटींतून वाढलेली खरी झाडं, नेचे, ऑर्किड आणि पंपाने वर चढवून खाली सोडलेलं पाणी. दार उघडून आत पाऊल टाकलं की ओल्या मातीचा वास यायचा. एसी हॉटेलात ओल्या मातीचा वास! कोकणातून आलेल्या माणसाला तेवढ्याने गहिवरून यायचं. मी कोकणातली नाही, सदाशिव पेठेतली. मलाही यायचं.

पुण्यातल्या मैत्रिणीला हे सांगितलं तर तिने सरळ विचारलं, “तुमचा वाडा पाडला तेव्हा तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. फ्लॅटला दोन बाथरूम मिळणार म्हणून खूश होतीस. आणि आता हॉटेलच्या कारंज्यासाठी गळा काढतेस?” मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. दहा वर्षं झाली, अजून मनातल्या मनात तिच्याशी वाद चालू आहे. २०२५च्या जुलैत डिस्नी वर्ल्डच्या मॅजिक किंगडम पार्कमधली नदी, तिच्यातली वाफेवरची बोट आणि टॉम सॉयरचं बेट कायमचं बंद झालं, तेव्हा लेकीचा पुन्हा फोन आला. म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

आम्ही १९८४ साली टॅम्पाला आलो. तिथून डिस्नी वर्ल्ड गाडीने सव्वा तासावर. पण सव्वा तासावर असणं वेगळं आणि परवडणं वेगळं. पार्कची तिकिटं म्हणजे वर्षाकाठी एकदा, पाहुणे आले तर. एरवी आम्ही नुसते पॉलिनेशियनला नाश्त्याला जायचो. आमच्या शाकाहारी कुटुंबाला तिथे टोंगा टोस्ट मिळायचा. जाड पाव पोखरून आत केळं भरायचं, अख्खा पाव तळायचा आणि दालचिनीच्या साखरेत घोळवायचा. १९७१पासून हा पदार्थ तिथे आहे. एक टोस्ट चौघांत पुरायचा. खाऊन झालं की मुलं धबधब्याच्या कठड्यावर, आम्ही दोघं वेताच्या खुर्च्यांत. कोणी उठवायला येत नसे.

प्रत्यक्ष राहिलो एकदाच. १९९१ साली आप्पा, म्हणजे माझे सासरे, सांगलीहून आले होते तेव्हा, दोन रात्री. आप्पा पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. आयुष्य कालव्यांच्या कडेने सायकल हाकण्यात गेलेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघते तर आप्पा खोलीत नाहीत. भाषा येत नाही, खिशात पत्ता नाही. मी चपला सरकवून धावतच लॉबीत गेले. आप्पा कठड्यावर बसले होते. पायजमा, वर माझ्या नवऱ्याचं जॅकेट, डोक्यावर पांढरी टोपी. आणि धबधबा बंद होता.

पाण्याचा आवाज नसताना ती लॉबी मी पहिल्यांदा पाहिली. मोठी, रिकामी आणि जराशी केविलवाणी. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला एक माणूस तळातली सडकी पानं जाळीने काढत होता. आप्पांनी त्याला खात्यातल्या इंग्रजीत विचारलं, “हॉर्सपॉवर?” त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने एक दार दाखवलं आणि हात वर-खाली करून पाणी कसं फिरतं ते समजावलं. आप्पा मान डोलावत होते. मग मला म्हणाले, “सूनबाई, खालचंच पाणी वर नेतात. काम चोख आहे. पण शेवाळ बघ. याला रोज माणूस लागतो. रोज माणूस लागणारी गोष्ट आमच्या खात्यात टिकत नाही. इथलं मला माहीत नाही.”

तळाशी नाणी पडली होती. ती बघून मात्र ते चिडले. “पाण्यात पैसे टाकतात? एवढी शिकलेली माणसं?” मी म्हटलं, “आप्पा, कृष्णेच्या पुलावरून गाडी जाते तेव्हा तुम्ही नाही टाकत?” तर म्हणाले, “ती नदी आहे. हा पंप आहे.” निघायच्या दिवशी सामान गाडीत भरताना मी मागे वळून पाहिलं. कोणी बघत नाही अशी खात्री करून आप्पांनी खिशातलं पंचवीस पैशांचं नाणं, ते गेंड्याचं चित्र असलेलं, हळूच पाण्यात सोडलं.

हॉटेलसमोरचं सेव्हन सीज लगून हे तळंही खणलेलं. निघालेल्या मातीचा भराव घालून मॅजिक किंगडमची जमीन उंच केली. त्या पार्कमध्ये आपण रस्ता समजून चालतो तो खरं तर वरचा मजला आहे. खाली बोगदे आहेत आणि कर्मचारी तिथून ये-जा करतात. सगळ्या परिसरात दलदल होती. तिचं पाणी काढायला मैलोन्‌मैल कालवे खणले आणि त्यांवर पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडमिट होणाऱ्या झडपा बसवल्या. त्यांना ना वीज लागते, ना माणूस. हे मी पुढे वाचलं. आप्पा तोवर गेले होते. माणूस लागत नसलेली झडप ऐकून ते केवढे खूश झाले असते.

मुलांचा जीव मात्र मोनोरेलमध्ये. पॉलिनेशियनहून निघायचं, तळ्याला वळसा घालायचा आणि कंटेम्पररी हॉटेलच्या पोटातून आरपार जायचं. हॉटेलच्या मधल्या भव्य दालनातून आगगाडी जाते हे आजही कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. त्या काळी विचारलं तर चालकाशेजारी, पुढच्या काचेच्या केबिनमध्ये बसू द्यायचे आणि उतरताना मुलांच्या हातात सहचालकाचं कार्ड ठेवायचे. दारं बंद होताना स्पॅनिशमध्ये सूचना व्हायची, दारांपासून दूर राहा म्हणून. “पोर फावोर मान्तेंगान्से...” आमचा धाकटा ती इतक्या वेळा ऐकून बसला होता की संध्याकाळी देवापाशी शुभंकरोति म्हणून झाल्यावर हात जोडलेलेच ठेवून त्याच सुरात ती म्हणून मोकळा व्हायचा. आप्पांना ते कुठलंसं स्तोत्र वाटलं. आम्ही त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तर ही आमची पुंजी. यातलं आता काय उरलंय?

धबधबा २०१४मध्ये गेला. लॉबी मोकळी आणि उजेडाची झाली, आता तिथे एक छोटं कारंजं आणि त्यात एक पुतळा आहे. मला सगळ्यात झोंबलं ते पुढचं. १९७१ साली उघडलं तेव्हा हॉटेलच्या नावात ‘व्हिलेज’ होतं. मधे ते गळालं होतं. धबधबा काढला त्याच नूतनीकरणात ते जुनं नाव मोठ्या कौतुकाने परत लावलं. म्हणजे १९७१चं नाव आलं आणि १९७१चा धबधबा गेला. नावाला शेवाळ धरत नाही, त्याला रोज माणूस लागत नाही.

२०१५मध्ये किनाऱ्याला लागून पाण्यात वीस बंगले उभे राहिले आणि वाळूवर बसून मॅजिक किंगडमचा किल्ला बघायची आमची जागा आड गेली. आगीचे पलिते फिरवणाऱ्या नर्तकांचा रात्रीचा जेवणाचा कार्यक्रम मार्च २०२०मध्ये कोविडमुळे थांबला तो परत सुरू झालाच नाही. त्या जागेवर आता नवा टॉवर आहे, डिसेंबर २०२४मध्ये उघडलेला. पलीकडच्या फोर्ट विल्डरनेसच्या छावणीतली छोटी वाफेची रेल्वे तर आम्ही येण्याआधीच, १९८०च्या सुमाराला बंद पडली होती. तिचे जुने रूळ शोधत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना हसलेही आहे.

सगळं काही हळहळण्यासारखं होतं असं नाही. पॉलिनेशियनसमोर सुरुवातीला लाटा तयार करणारं यंत्र बसवलं होतं. लाटांनी किनाराच खाल्ला म्हणून ते बंद केलं. आप्पांना विचारलं असतं तर नकाशावरच सांगितलं असतं. रिव्हर कंट्री नावाचा पोहण्याचा पार्क होता, १९७६चा, शेजारच्या तळ्याचंच पाणी गाळून घेतलेला. मुलांना त्याची घसरगुंडी फार प्रिय. तिथे पोहलेल्या एका मुलाचा १९८०मध्ये पाण्यातल्या अमीबाने मृत्यू झाला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. २००१मध्ये तो बंद झाला. मोनोरेलच्या पुढच्या केबिनमध्ये बसणं २००९मध्ये थांबलं, दोन गाड्यांच्या टकरीत एक तरुण चालक गेला तेव्हा. आणि २०१६मध्ये पॉलिनेशियनसमोरच्याच तळ्याच्या काठावर, शेजारच्या हॉटेलच्या वाळूत खेळणारं दोन वर्षांचं बाळ मगरीने ओढून नेलं. त्यानंतर काठाने दगड आणि कुंपण आलं. माझ्या अल्बममध्ये लेकीचा एक फोटो आहे, त्याच तळ्यात घोट्यापर्यंत पाय बुडवून उभी, हातात बादली. पूर्वी तो फोटो मी कौतुकाने दाखवायचे. आता पान उलटते.

म्हणून ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांत मी नाही. मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच कुठेतरी आहे. वाडा पाडला तेव्हा मी रडले नाही, कारण त्या वाड्यात मी पाणी भरलं होतं. पहाटे साडेचारला नळ यायचा, खालच्या चौकातून वरच्या मजल्यावर कळश्या न्यायच्या, पावसाळ्यात त्याच कळश्या गळणाऱ्या छताखाली ठेवायच्या. पॉलिनेशियनमध्ये पाणी मी नुसतं पाहिलं. वर चढवायचं काम पंपाचं आणि शेवाळ काढायचं काम त्या बूटवाल्याचं. धबधबा गेला तेव्हा त्याला, किंवा त्याच्या जागी आलेल्या कोणाला, कदाचित सुटल्यासारखं वाटलं असेल. हे मला मान्य आहे. पण पुढचं ऐक, बाई. आपल्याला वाडा होता, म्हणून तो पाडताना खूश होता आलं. परदेशात वाढलेल्या पोरांना आजोळ नसतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच-सहा वर्षांतून एकदा भारत, तोही निम्मा आजारपणात. घरं भाड्याची, दर तीन वर्षांनी बदलणारी. आजोबांबरोबर बसलेली एकच जागा त्यांना आठवते आणि ती एका कंपनीच्या मालकीची निघते. तिथल्या खडकाला हात लावून ‘इथे आप्पा बसायचे’ असं म्हणायची त्यांना हौस आहे. त्यात हसण्यासारखं काय आहे?

“अहो, पण ते धंदेवाले आहेत,” असं आमचे हे म्हणतात. बरोबर, धंदाच आहे. मग धंद्याच्याच भाषेत बोलू. २०१५पासून हे हॉटेल नुसत्या खोल्या भाड्याने देत नाही, राहण्याचे हक्कही विकतं. पैसे आज भरायचे आणि दर वर्षी ठरावीक गुण वापरून ३१ जानेवारी २०६६पर्यंत येऊन राहायचं. म्हणजे गिऱ्हाइकाने पन्नास वर्षांचा शब्द द्यायचा, नातवंडांपर्यंतची सोय करायची. आणि हॉटेलने? लॉबीच्या मधोमध उभं असलेलं, लोक ज्याच्यासमोर फोटो काढायला रांग लावतात ते उद्या असेल की नाही, याचा शब्द कुठेच नाही. आठवणींच्या जोरावर माल विकायचा, जुन्या हॉटेलच्या चिन्हाचे टी-शर्ट आणि पेले दुकानात मांडायचे, पण आठवण ज्या वस्तूला चिकटलेली आहे ती खर्चिक वाटली की उचलून टाकायची. असा एकतर्फी व्यवहार आमच्या पेठेतल्या बिल्डरलासुद्धा जमला नव्हता. त्याने निदान अंगणातला प्राजक्त ठेवायचं कबूल केलं होतं, आणि ठेवला.

जुनी वस्तू ठेवून हॉटेल नव्याने चालवता येतं, याचा पुरावा तळ्याच्या पलीकडेच उभा आहे. कंटेम्पररीचं जवळपास सगळं बदललं. वरच्या मजल्यावर नामांकित गायक यायचे तो नाइटक्लब गेला आणि १९९५मध्ये तिथे नवं रेस्टॉरंट आलं. बागेतली एक इमारत पाडून २००९मध्ये नवा टॉवर झाला. खोल्यांचं रूप किती वेळा पालटलं, मोजदाद नाही. पण मधल्या दालनातलं चित्रकार मेरी ब्लेअरचं नव्वद फुटी भित्तिचित्र १९७१पासून तिथेच आहे. सुमारे अठरा हजार फरशा, ग्रँड कॅन्यनचे डोंगर, मुलं, पक्षी, प्राणी. त्यात एका बोकडाला पाच पाय आहेत. आमच्या घरातलं प्रत्येक मूल मोनोरेलच्या खिडकीला नाक लावून तो पाचवा पाय शोधत मोठं झालं. माझा नातूही आता शोधतो. त्या बोकडापायी हॉटेलचं एका दमडीचं नुकसान झाल्याचं ऐकिवात नाही.

आणि ही हॉटेलं काही साधीसुधी नव्हेत. मी लुच्चा नाही असं अध्यक्ष निक्सननी देशाला सांगितलं ते नोव्हेंबर १९७३मध्ये, याच कंटेम्पररीत, संपादकांच्या मेळाव्यात. बीटल्सच्या भागीदारीच्या काडीमोडाच्या कागदावर जॉन लेननने सही केली ती १९७४च्या डिसेंबरात पॉलिनेशियनमध्ये, मुलाला घेऊन सुट्टीला आला होता तेव्हा. आपल्याकडे एखाद्या पुढाऱ्याने चहा घेतलेल्या हॉटेलातसुद्धा फोटो लावतात.

जानेवारी २०२५मध्ये आम्ही परत गेलो. लेक, जावई, सात वर्षांचा नातू आणि आम्ही दोघं. नवा टॉवर चकाचक, रंग छान, सगळं वेळच्या वेळी. टोंगा टोस्ट अजून मिळतो. आता एक पाव आम्ही पाचांत संपवू शकलो नाही, त्यात पावाचा दोष नाही. लॉबीत नातवाने विचारलं, “आजी, तो धबधबा कुठे होता?” मी उभी राहून हाताने दाखवलं, इथपासून इथपर्यंत. तो म्हणाला, “एवढा मोठा?” खरं सांगायचं तर मलाही तेव्हा शंका आली. आठवणीतलं पाणी जरा जास्तच उंचावरून पडत असावं.

रात्री सगळे वाळूत जाऊन बसलो. थंडी होती, शाली आणल्या होत्या. अंधारातून आधी भोंगळ यांत्रिक संगीत आलं आणि मागून तराफ्यांची माळ. सात आणि सात, चौदा तराफे. प्रत्येकावर पंचवीस फूट उंच जाळी आणि जाळीवर दिवे. पाण्याचा फवारा उडवणारा देवमासा, कासव, अष्टपाद, नागमोडी जलसर्प, शेवटी तारे आणि अमेरिकेचा झेंडा. २४ ऑक्टोबर १९७१ला हा खेळ पहिल्यांदा याच तळ्यात झाला. डिस्नीच्या ज्या रोषणाईच्या मिरवणुकीचं जगभर नाव झालं, ती याच्यावरून सुचलेली, याच्या नंतरची. यात ना ड्रोन आहेत, ना लेझर. १९९१मध्ये आप्पा बघून म्हणाले होते, “गणपतीची रोषणाई पाण्यावर आणलीय की रे!” आणि खरोखर आपल्या मंडळासमोरच्या धावत्या दिव्यांच्या चक्राहून त्यात फारसं वेगळं काही नाही. आप्पा आले होते त्या रात्री कासवाचा एक पाय विझलेला होता. आप्पांनी तेवढंच हेरलं होतं.

लेक माझ्या शेजारी बसली होती, नातू तिच्या मांडीवर. झेंडा वळणाआड गेल्यावर तिने हळूच विचारलं, “आई, हेही काढतील का गं?” मी काही बोलले नाही.

ज्यांच्या हातात आहे त्यांनी नवे टॉवर बांधावेत, करार विकावेत, लॉबीत हवा तो पुतळा बसवावा. फक्त हे चौदा तराफे आणि पाच पायांचा बोकड, एवढ्यांना हात लावू नये. आणि हल्ली महाराष्ट्रातून टूरबरोबर ऑर्लँडोला येणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत ही जागा नसेल. दिवसभराच्या रांगांनी पाय दुखत असतील, बस हॉटेलवर परत निघाली असेल. तरी एका रात्री तराफ्यांची वेळ विचारून घ्या, मोनोरेलने पॉलिनेशियनला उतरा आणि तळ्याकाठी दहा मिनिटं थांबा. तिकीट लागत नाही.